गढीचा काळा दगड स्कायरिममध्ये: नॉर्मल मॅप सेव्ह करण्याची हकिकत

स्कायरिम या गेममधल्या शेतकऱ्यांच्या घरांची जोती आमच्याकडच्या काळ्या दगडाची करायची, हे माझ्या मनात बरेच दिवस होतं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात एक जुनी गढी आहे. वरची पांढऱ्या मातीची भिंत पावसापाण्यानं खाली बसली, पण खालचं घडीव दगडाचं बांधकाम जागचं हललेलं नाही. टाकीचे घाव अजून बोटाला लागतात आणि सांध्यांत चुना भरलेला आहे. गेममधलं रंगाचं टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चिकटवलेलं चित्र, बदलणं तसं सोपं असतं. दगडाचा खरखरीतपणा येतो तो नॉर्मल मॅपमुळे, आणि तो मॅप बनवण्यापेक्षा योग्य फॉरमॅटमध्ये सेव्ह करण्यातच माझा जास्त वेळ गेला. मॉडिंग (गेममध्ये आपले बदल घालणं) करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हे मराठीत सापडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

नॉर्मल मॅप उघडला की निळसर जांभळं चित्र दिसतं. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये एक दिशा लिहिलेली असते: त्या जागी पृष्ठभाग कुणीकडे तोंड करून आहे. डावं-उजवं लाल चॅनलमध्ये, वर-खाली हिरव्यात आणि समोरचं निळ्यात. उणे एक ते अधिक एक एवढा पल्ला ० ते २५५ या आकड्यांत बसवलेला असतो, म्हणून अगदी सपाट जागेचा रंग १२८, १२८, २५५ येतो. दादर ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की प्रत्येक ताट थोडं वेगळीकडे कलतं, तसं प्रत्येक पिक्सेलचं कलणं इथं नोंदलेलं असतं. गेम प्रकाशाची दिशा आणि ही दिशा ताडून बघतो आणि कुठे किती उजेड पडेल ते ठरवतो. मूळ भिंत सपाटच राहते, तिचा आकार ज्या त्रिकोणांनी बनतो त्यांत एकही वाढत नाही.

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. चित्र डोळ्याला बरं दिसतं का, हा प्रश्न सेव्ह करताना उपयोगाचा नाही. गेम हे आकडे कोणत्या चॅनलमधून उचलतो आणि त्यांचा काय अर्थ लावतो, ते आधी शोधायचं. फॉरमॅट त्यावरून ठरतो.

आता दगडाकडे येतो. एका फोटोवरून नॉर्मल मॅप काढून देणारी बरीच साधनं आहेत. ती उजळ भागाला उंच आणि काळ्या भागाला खोल धरतात. आमच्या भिंतीला हा हिशेब अजिबात चालत नाही, कारण दगड काळा आणि चुना पांढरा. तशा मॅपमध्ये चुन्याचे सांधे दगडाच्या वर उठतात. म्हणून मी फोटोग्रामेट्रीचा रस्ता धरला: एकाच भागाचे एकमेकांवर चढणारे पुष्कळ फोटो काढायचे आणि त्यांतून खराखुरा त्रिमितीय पृष्ठभाग उभा करायचा. फोटो श्रावणातल्या ढगाळ दुपारी काढले. आपल्याकडच्या उन्हात, त्यातून उन्हाळ्यात, प्रत्येक टवक्याखाली काळी सावली पडते आणि ती रंगाच्या टेक्स्चरमध्ये कायमची बसते. ढगाळ उजेडात हा त्रास नाही.

फोटोंवरून पृष्ठभाग बांधायला मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्याच्या खोली मोजण्याच्या टप्प्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते माझ्याकडे नाही, म्हणून हे काम जळगावला मामेभावाच्या मशीनवर झालं. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये त्या पृष्ठभागावरून सपाट चौकोनावर नॉर्मल बेक करण्याचं, म्हणजे त्या दिशा चित्रात उतरवण्याचं, कामही त्यानंच केलं. झाल्यावर मोठ्या उत्साहानं त्यानं फाइल मोबाइलवरून फोटो म्हणून पाठवली.

मॅप बिघडण्याची ही पहिली जागा, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. निरोपाच्या अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि वर जेपीजी होते. जेपीजी हा फॉरमॅट माणसाच्या नजरेसाठी बनवलेला आहे. तो चित्राचा उजेड आणि रंग वेगळे करतो, रंगाचा तपशील बहुतेक वेळा अर्ध्यावर आणतो आणि आठ बाय आठच्या चौकटींत माहिती छाटतो. देवळाच्या फोटोत ते कळतही नाही. नॉर्मल मॅपमध्ये मात्र लाल, हिरवा आणि निळा हे तीन स्वतंत्र आकडे आहेत. ते एकमेकांत मिसळले की सपाट जागेवर चौकटींची जाळी उमटते आणि गेममध्ये तिरपा उजेड पडला की ती लगेच दिसते. जेपीजीवरून पुन्हा पीएनजी (माहिती न छाटणारा फॉरमॅट) केली तरी गेलेली माहिती परत येत नाही. मी भावाला फोन केला, "भाऊ, हीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि सोळा बिटची पीएनजी पाठव." तशी आली तेव्हा कामाला लागलो.

पुढचा प्रश्न हिरव्या चॅनलचा. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या चित्र काढण्याच्या दोन प्रणाली, त्यांत ब्लेंडर ओपनजीएलच्या पद्धतीनं बेक करतो, म्हणजे हिरवा वाढला की पृष्ठभाग वर बघतो आहे. स्कायरिमची पद्धत डायरेक्टएक्सची, तिथं हिरवा वाढला की खाली. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या तर पटकन फरक कळत नाही. तो अनुभवायला हवा म्हणून मी दोन्ही प्रती तयार केल्या, गेममध्ये दोन घरांना लावल्या आणि आमच्या गल्लीतल्या आप्पांना बोलावलं. आप्पांचा सगळा जन्म गवंडीकामात गेला, कॉम्प्युटरचं त्यांना काही सांगावं लागलं नाही. पहिल्या घरापाशी ते नुसते मान हलवत राहिले. दुसऱ्याशी आल्यावर म्हणाले, "आडवा सांधा भायेर कसा उना रे भाऊ? उभा तर बरोबर शे."

इतकं अचूक निदान मी कुठे वाचलेलं नाही. हिरवा चॅनल उलटा असेल तर फक्त वर-खालीची दिशा उलटते. आडव्या सांध्याची वरची कड अंधारात असायला हवी ती उजळते, खालची काळी पडते आणि खाचेचा उंचवटा होतो. उभे सांधे लाल चॅनलवर अवलंबून असल्यामुळे ते ठीकच राहतात. तुमच्या भिंतीत उभं बरोबर आणि आडवं उलटं दिसत असेल तर दुसरं काही शोधू नका, हिरवा चॅनल उलटा करा. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एकच चॅनल निवडून इन्व्हर्ट करता येतो. मायक्रोसॉफ्टच्या टेक्सकॉन्व्ह या कमांडवर चालणाऱ्या साधनात त्यासाठी वेगळा पर्याय आहे. तपासायला सोपी खूण म्हणजे स्वतः एक गोल टेंगूळ काढून त्याचा मॅप बनवायचा आणि तो गेममध्ये लावून बघायचा. डायरेक्टएक्सच्या मॅपमध्ये टेंगळाच्या खालच्या बाजूला हिरवा जास्त असतो.

यानंतर अल्फा, म्हणजे चित्रातला चौथा चॅनल, आणि इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण स्कायरिमच्या नॉर्मल मॅपची खरी गुंतागुंत इथंच आहे. या गेममध्ये साध्या वस्तूंच्या नॉर्मल मॅपचा अल्फा चॅनल पारदर्शकतेसाठी नसतो. त्यात चकाकी भरलेली असते: पांढरं तिथं पृष्ठभाग चमकतो, काळं तिथं मंद. गढीच्या दगडाला हे फार महत्त्वाचं. हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या कडा थोड्या चमकतात, चुना अजिबात चमकत नाही. मी चकाकीचा वेगळा करड्या छटांचा मॅप तयार केला आणि तो अल्फात घालायला बसलो.

अडचण अशी की चित्रांची सॉफ्टवेअरं अल्फाला पारदर्शकताच समजतात. अल्फा शून्य म्हणजे तिथं काही दिसणार नाही, मग रंग ठेवायचा कशाला, असा त्यांचा हिशेब. काही सॉफ्टवेअरं पीएनजी लिहिताना पूर्ण पारदर्शक पिक्सेलचा रंग पुसून टाकतात. लेयर एकमेकांत मिसळतानाही तेच होऊ शकतं. चित्राचा आकार कमी करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी अल्फाच्या वजनानं घेतली जाते. आपल्या फाइलीत तो रंग म्हणजे दिशा. चुन्याची चकाकी शून्य ठेवली तर नेमकी चुन्याच्या सांध्यांची दिशा उडते, आणि ती गेल्याचं कुठेही सूचना येऊन कळत नाही.

म्हणून मी ठरवलेला क्रम सांगतो. नॉर्मल आणि चकाकी शेवटपर्यंत दोन वेगळ्या फाइलींत ठेवायच्या, दोन्हींत अल्फा नको. आकार कमी करायचा, डाग काढायचे, हिरवा उलटवायचा, हे सगळं वेगवेगळं असतानाच उरकायचं. अगदी शेवटी गिम्पच्या कलर्स मेनूतल्या कॉम्पोनंट्समध्ये जाऊन कंपोज वापरायचं आणि चार चॅनल एकत्र करायचे. त्यानंतर त्या चित्राला हात लावायचा नाही. मधली प्रत टीजीए या फॉरमॅटमध्ये ठेवायची असेल तर बत्तीस बिटची, म्हणजे अल्फासकट, ठेवायची. आणि चकाकीचा सगळ्यात काळा आकडा मी शून्यावर न ठेवता दोन-तीनवर ठेवतो. डोळ्याला फरक कळत नाही, पण पूर्ण पारदर्शक म्हणून रंग पुसला जाण्याची भीती राहत नाही.

आता डीडीएस. गेमला पीएनजी चालत नाही, डीडीएस लागते. १९९९ मध्ये डायरेक्टएक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला हा मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट. त्याचा मोठा गुण असा की आतली माहिती ग्राफिक्स कार्ड दाबलेल्या अवस्थेतच वाचतं, ती आधी उलगडावी लागत नाही. पण डीडीएस ही नुसती पेटी आहे, आत माहिती कशी दाबली आहे ते वेगळं निवडावं लागतं. सेव्ह करताना जी लांबलचक यादी समोर येते ती त्याचीच.

मी यादीतले प्रकार एकाच भिंतीवर लावून बघितले. बीसी१, ज्याला जुने लोक डीएक्सटी१ म्हणतात, सगळ्यात लहान. चार बाय चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीला आठ बाइट. त्यात दोन रंग ठेवलेले असतात, लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, हिरव्याला सहा, आणि मधले दोन रंग त्या दोघांवरून काढतात. म्हणजे सोळा पिक्सेलना मिळून चारच दिशा, त्याही एका रेषेवरच्या. खडबडीत दगडावर हे बरंचसं खपून जातं. पण स्कायरिमच्या मॅपसाठी याचा विचारच नको, कारण यात चकाकीच्या छटा ठेवायला जागा नाही.

बीसी३, म्हणजे डीएक्सटी५, यात अल्फाला स्वतंत्र आठ बाइट मिळतात आणि तो छान टिकतो. रंगाचा भाग मात्र बीसी१ सारखाच. बीसी५ खास नॉर्मल मॅपसाठीच म्हणावा असा प्रकार आहे: फक्त लाल आणि हिरवा ठेवतो, दोघांनाही भरपूर जागा देतो, आणि निळा गेमनं गणितानं काढायचा असतो, कारण दिशेची एकूण लांबी एकच असते. २०१५ च्या फॉलआउट ४ मध्ये हाच चालतो, तिथं चकाकीची फाइल वेगळी असते. स्कायरिमला तो का चालत नाही, हे आता सांगायला नको: अल्फाच नाही. नसलेला अल्फा कार्ड पूर्ण एक धरतं, मग चकाकीचा सगळा मॅप पांढरा असल्यासारखं होतं. काळ्या दगडाची भिंत पावसात भिजल्यासारखी चमकायला लागते. एखाद्या गेमसाठी उत्तम असलेला फॉरमॅट दुसऱ्याच्या कामाचा नसतो तो असा.

राहिला बीसी७. आकार डीएक्सटी५ एवढाच, चौकटीला सोळा बाइट, पण आत आठ वेगवेगळ्या रीती आहेत आणि प्रत्येक चौकटीसाठी त्यातली सर्वांत जुळणारी निवडली जाते. चारही चॅनल चांगले टिकतात. २०१६ ची स्कायरिम स्पेशल एडिशन डायरेक्टएक्स ११ वर चालते, तिला बीसी७ वाचता येतो. २०११ ची मूळ आवृत्ती डायरेक्टएक्स ९ वरची, तिला तो कळत नाही. माझ्या भुसावळच्या मित्राकडे जुना लॅपटॉप आणि त्यावर जुनीच आवृत्ती आहे. त्यालाही हे दगड हवे होते, म्हणून मॉडचे दोन संच केले: त्याच्यासाठी डीएक्सटी५, स्पेशल एडिशनसाठी बीसी७.

माझ्याकडच्या गिम्पच्या डीडीएस यादीत बीसी७ नव्हता. पेंट डॉट नेटमध्ये आहे, टेक्सकॉन्व्हमध्येही आहे. दाबण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर झालं तर लवकर होतं. ते नसेल आणि सगळा भार प्रोसेसरवर आला तर मोठ्या फाइलीला चांगलाच वेळ लागतो. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे मी फाइली एकदम न लावता थोड्या थोड्या लावल्या.

आकाराचं गणित एकदा मनात बसलं की निर्णय पटापट होतात. २०४८ बाय २०४८ चा चार चॅनलचा मॅप न दाबता ठेवला तर १६ एमबी. बीसी७ किंवा डीएक्सटी५ मध्ये ४ एमबी. १०२४ बाय १०२४ चा न दाबलेला मॅपही ४ एमबीच. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दगडासाठी मी मोठा दाबलेला मॅप घेतला, कारण खडबडीतपणात चौकटी लपतात. त्याच मॉडमध्ये मला आपल्याकडची पितळी घागरही घालायची आहे. तिचा पोटाचा भाग इतका सावकाश वळतो की डीएक्सटी५ मध्ये त्यावर पायऱ्या दिसतात. जुन्या आवृत्तीसाठी घागरीचा मॅप अर्ध्या मापाचा आणि न दाबलेला ठेवणंच मला जास्त बरं वाटतं. गुळगुळीत वस्तूला मापापेक्षा दिशांची अचूकता महत्त्वाची. डीएक्सटी५ खराब असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वस्तू कोणती ते आधी बघावं.

सेव्ह करताना दोन खुणा नीट बघायच्या असतात. पहिली मिपमॅप. म्हणजे त्याच मॅपच्या अर्ध्या-अर्ध्या मापाच्या प्रती, एका पिक्सेलपर्यंत. २०४८ च्या मॅपला मूळ धरून बारा पातळ्या होतात आणि फाइल साधारण एक तृतीयांशानं वाढते, म्हणजे ४ एमबीची सव्वापाच एमबीच्या थोडी वर. त्या नसतील तर जवळून भिंत सुरेख दिसते आणि चार पावलं मागे गेलं की दगडांवर ठिपके लुकलुकायला लागतात. सरासरी काढताना दिशांची लांबी कमी होते, म्हणून एनव्हिडियाच्या एक्स्पोर्टरमध्ये मिपमॅप नॉर्मलाइज करण्याचा पर्याय आहे, तो लावावा. टेक्सकॉन्व्हमध्ये अल्फा वेगळा धरून मिपमॅप काढायचा पर्याय आहे, तोही लावावा. कारण वर सांगितलं तेच: अल्फाच्या वजनानं दिशांची सरासरी नको.

दुसरी खूण एसआरजीबीची, म्हणजे रंगांसाठी ठरवलेल्या मोजपट्टीची. यादीत एकाच प्रकाराची दोन नावं दिसतात, एक साधं किंवा लिनिअर, दुसरं एसआरजीबी. नॉर्मल मॅपला कायम लिनिअर. एसआरजीबी म्हटलं की वाचताना आकड्यांवर रंगाची दुरुस्ती होते आणि मधला १२८ जवळपास ५५ होऊन बसतो. सपाट जागा सपाट राहत नाही, अख्खी भिंत एका कोपऱ्याकडे कलल्यासारखा उजेड घेते. ब्लेंडरमध्ये मॅप लावून बघतानाही त्याच कारणानं कलर स्पेस नॉन-कलर ठेवावी लागते.

फाइल तयार झाली की ती पुन्हा उघडून बघायची सवय मी लावून घेतली आहे. प्रकार तोच आहे का, पातळ्या बारा आहेत का, चारही चॅनल वेगवेगळे बघितले तर चुन्याच्या जागी दिशा शाबूत आहे का. नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि एन हवं, फोल्डरची वाट मूळ गेमसारखीच हवी. मेश फाइलीत (वस्तूचा आकार जिच्यात असतो ती) कोणत्या नावाचा मॅप मागितला आहे ते निफस्कोप या साधनात दिसतं. मॅपचं माप दोनाच्या घातांत (१०२४, २०४८ असं) हवं, निदान चारानं भाग जाणारं तरी, नाहीतर चौकटी पुऱ्या बसत नाहीत.

भुसावळच्या मित्रानं त्याच्या लॅपटॉपवर डीएक्सटी५ चा संच चालवून बघितला आणि संध्याकाळच्या उन्हातला फोटो पाठवला. टाकीचे घाव त्यातही दिसतात. स्पेशल एडिशनवर बीसी७ ची भिंत माझ्याकडे आणि भावाकडे सारखीच दिसते. आप्पांनी मात्र पुन्हा येऊन घराचा कोपरा दाखवला. खऱ्या बांधकामात कोपऱ्याचा दगड एका थराला या भिंतीत लांब जातो, वरच्या थराला त्या भिंतीत. गेममध्ये दोन भिंती कोपऱ्यात नुसत्या येऊन टेकतात. त्यांचं बरोबर आहे, आणि ते कुठल्याही टेक्स्चरनं साधणार नाही. कोपऱ्याच्या दगडांचा वेगळा मेश करून त्याला वेगळं यूव्ही (टेक्स्चर कुठे कसं बसवायचं त्याची आखणी) द्यावं लागेल. गढीच्या उगवतीच्या कोपऱ्याचे फोटो आप्पांना सोबत नेऊन काढायचे ठरले आहेत, कोणता दगड किती आत गेला आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.